बसायची जागा

शरणू गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्यानेच मंगळवेढ्याहून पाठवलेली ज्वारी निवडत होते. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला माणूस धापा टाकत आला आणि म्हणाला, मंगळवेढ्याहून फोन आहे, सरांना पाठवा. सर म्हणजे माझे यजमान. ते तसेच अनवाणी गेले, आणि परत आले ते उंबऱ्यातच उभे राहिले… आत येईनात. शरणू, म्हणजे शरणप्पा बिराजदार, हा त्यांचा धाकटा भाऊ, माझा दीर. त्याचं वय काही जाण्याचं नव्हतं. मंगळवेढ्याजवळच्या एका शाळेला नवी खोली बांधायची होती, ती कशी हवी हे गावातल्या बायामाणसांकडून मातीत करून घ्यायला तो गेला होता. मध्येच पाणी मागितलं, भिंतीला टेकून बसला, तो पुन्हा उठला नाही. संध्याकाळी त्याला जीपमधून घरी आणला. आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत. खड्डा खणून त्यात माणसाला मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती, अंगावर बेलाची पानं. शरणूला तसा बसवला. मी कडेला उभी होते. त्याच्या खांद्यावर पहिली माती पडली तेव्हा मला रडू आलं नाही. जे काही आलं ते नंतर आलं, आणि ते रडू नव्हतं.

ते आलं त्याच्या शोकसभेत. वाचनालयाच्या सभागृहात फोटो, हार, उदबत्ती, सगळं यथासांग होतं. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत वस्ती सुधार कचेरीचे साहेब बसले होते. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. शरणूवरच्या लेखात ते नाव आलं तर कागद बाटेल. साहेब उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "लोकांची घरं लोकांच्याच हातांनी घडावीत हा विचार बिराजदारांनी दिला, आणि आमच्या कचेरीने तो तंतोतंत अमलात आणला." मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. दूध पिऊन झाल्यावर भांड्याच्या तळाशी पाल दिसावी तसं मला झालं. यजमानांनी माझा हात दाबून धरला नसता तर मी तिथेच काहीतरी बोलले असते आणि दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले असते, दुःखाने बाईंचं डोकं फिरलं. म्हणून तिथे गप्प बसले आणि इथे लिहितेय. 'तंतोतंत' या शब्दाचा अर्थ काय होता, तो लिहितेय.

शरणू आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरातच वाढला. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता. मला वहिनी कधी म्हणाला नाही, आमच्या घरातल्या कन्नड रीतीने अत्तिगे म्हणायचा. पुढे मुंबईला जाऊन वास्तुकला शिकला आणि सगळ्यांनी नको नको म्हटलं तरी परत सोलापूरला आला. पोटासाठी व्यापाऱ्यांचे बंगले करायचा. त्या बंगल्यांविषयी मात्र त्याला बोलायला आवडायचं नाही. संध्याकाळी घरी आला की स्वयंपाकघराच्या दाराशी एक पाट ओढून घ्यायचा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात घेऊन बसायचा, आणि खाता खाता चुलीतल्या कोळशाने माझ्या फरशीवर घरं काढायचा. मी ओरडायचे. मला आधीपासून स्वच्छतेचं वेड, आणि आमच्या सासूबाईंच्या हाताखाली ते दुप्पट झालेलं. तो पायाने कोळसा पुसायचा, म्हणजे काळं आणखी पसरायचं. एकदा मी म्हटलं, एवढं मोठं टेबल आहे तुझं, नकाशे तिथे काढावेत की. तर म्हणाला, "नकाशा म्हणजे वरून बघितलेलं घर. घर वरून कोण बघतं, अत्तिगे? घार." ज्यांना त्या घरात राहायचं आहे त्यांना नकाशा कळत नाही, ते नुसती मान हलवतात, आणि त्या हललेल्या मानेवर आमचे लोक इमारती बांधतात, असं त्याचं म्हणणं. त्यावर त्याने स्वतःपुरता एक उपाय काढला होता. माणसाच्या हातात माती द्यायची आणि म्हणायचं, कर तुझं घर.

हा उपाय खऱ्या कामाला लागला तो दुष्काळाच्या साली. ओढ्याकडेला विणकरांची एक वस्ती होती. तेलुगू माणसं, घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. पत्र्याची आणि मातीची घरं, पावसाळ्यात ओढा आत यायचा, त्या वर्षी ओढाही नव्हता आणि सूतही नव्हतं. ती वस्ती पाडून पक्क्या दुमजली चाळी बांधायच्या असं सुधार कचेरीत ठरलं. शरणू साहेबांकडे गेला आणि म्हणाला, बांधण्याआधी मला लोकांबरोबर काही रविवार द्या, त्यांच्याकडून वस्तीचा नमुना करून घेतो. साहेब खूश. असं काही परदेशात करतात हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं, आणि शरणू मोबदला मागत नव्हता. मी त्या वस्तीजवळच्याच प्राथमिक शाळेत शिकवायचे, तिथल्या मुली माझ्या वर्गात होत्या, म्हणून पहिल्या रविवारी ओळख करून द्यायला मलाही नेलं. न्यायला काय, माझी पुरणाची परात न विचारता चिखल कालवायला नेली होती, तिच्यामागे मी गेले. तळं कोरडं पडलं होतं, त्याच्या तळातली काळी माती त्याने हातगाडीवर आणली होती. तिचा वास… कुजलेल्या शेवाळाचा. मी नाकाला पदर लावून वस्तीतल्या मार्कंडेयाच्या देवळाच्या मंडपात उभी राहिले आणि माझ्या परातीकडे बघत राहिले. ती परात मी पुन्हा स्वयंपाकाला घेतली नाही.

पहिल्या दिवशी कोणी मातीला हात लावेना. "आमी काय ल्हान पोरं हाय का?" एक म्हातारा म्हणाला आणि बिडी पेटवून बाजूला बसला. मग कोणीतरी लाजत लाजत सुरुवात केली. एकाने गेटवर सिंह असलेला बंगला केला. एकाने नुसतंच देऊळ केलं, घर केलंच नाही. शरणू कोणाला हसला नाही आणि कोणाला चूक म्हणाला नाही. शेजारी उकिडवा बसायचा आणि एवढंच विचारायचा, "आन ह्यात सकाळी उठून काय करायचं?" सिंहवाल्याने खूप विचार केला आणि आपल्याच मुठीत बंगला चेपून टाकला. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपल्या दिराला काहीतरी येतं.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी नरसव्वा आली. तिची लेक माझ्या वर्गात होती. हाडापेराने दणकट बाई, दुपारपर्यंत माग, दुपारनंतर बिड्या, आणि तोंड दिवसभर. तिने मातीचा गोळा घेतला, फळीवर भाकरीसारखा थापला आणि भिंती घालायच्या आधी त्यात अंगठा खुपसून भोक पाडलं. "ही बसायची जागा," म्हणाली. "आता भिंती घालू." शरणू तिच्याकडे बघतच राहिला. ज्यांनी विणकराचं घर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हातमाग जमिनीलगत असतो, आणि विणणारा खड्ड्यात पाय सोडून काठावर बसतो. पावड्या, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्या, त्या खड्ड्यात असतात. वस्तीत कोणी 'विणतोय' म्हणत नाही. 'बसलाय' म्हणतात. नवरा बसलाय, सासू बसलीय, आज बसणं झालं नाही. तेलुगूत त्या खड्ड्याला गुंता म्हणतात. आपल्या मराठीतला गुंता व्हायला अजून अवकाश होता.

नरसव्वेनंतर सगळ्यांना सुचलं. ज्याने त्याने आपापल्या अंगठ्याने आधी भोक पाडलं, मग भिंती उभ्या केल्या. भोक पुढच्या खोलीत, दाराजवळ, कारण सुताला उजेड लागतो. मागे चूल, तिच्या मागे परसात मोरी आणि संडास. आणि असं करता करता एक गोष्ट आपोआप घडली… दुमजली चाळ मेली. कारण वरच्या मजल्यावर खड्डा कसा खणणार? खालच्याच्या डोक्यात? हे शरणूने कोणाला शिकवलं नाही. त्यांच्या अंगठ्यांनी सांगितलं. सगळी बैठी घरं, ओढ्यापासून वर सरकलेली, मधे सूत ताणायला लांब मोकळी गल्ली. पूर्ण वस्ती एका मोठ्या फळीवर उभी राहिली तेव्हा बिडी ओढत बाजूला बसणारा तो म्हातारासुद्धा येऊन आपल्या घराची भिंत ओल्या बोटाने गुळगुळीत करून गेला. शरणूने सगळ्यांसमोर शब्द दिला, "तुमी जे हातानं केलंय तेच उभं राहील." त्या दिवशी घरी येऊन तो पाटावर बसला आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. कोळशाने काही काढलं मात्र नाही.

मग साहेब नमुना बघायला आले. मांडव, चहा, छायाचित्रकार. शरणू मंडपाच्या एका टोकाला साहेबांना आणि वार्ताहरांना ओढ्याचा उतार समजावत होता. साहेबांचा एक इंजिनीअर दुसऱ्या टोकाला नमुना न्याहाळत उभा होता आणि त्याच्यासमोर नरसव्वा उभी होती. त्या दोघांचं काय बोलणं झालं हे त्या दिवशी कोणालाच कळलं नाही. साहेब जाताना म्हणाले, उत्तम, बैठी घरं मंजूर, नमुना आमच्याकडे पाठवा, नकाशे आमचे लोक त्यावरून करतील. शरणूने सोबत पानभर टिपण दिलं. साहेब ते न उघडता म्हणाले, "टिपण कशाला, सगळं समोर दिसतंय की." वस्तीने त्या रात्री साखर वाटली.

घरं बांधायला घेतली. शरणू नकाशे मागायला कचेरीत गेला की आज या, उद्या या. बाहेरच्या माणसाला देता येत नाहीत. जोती वर आली तेव्हा खड्डे दिसले, बरोबर पुढच्या खोलीत, दाराजवळ, आणि तो हरखून घरी आला. मग एके दिवशी तो गेला तेव्हा गवंडी त्या खड्ड्यांत संडासाची पांढरी भांडी बसवत होते. पुढच्या खोलीत. दारासमोर. प्रत्येक घरात. मागच्या परसात संडास नव्हताच. खालून गटाराची नळी सरळ रस्त्याला काढलेली.

तो तसाच कचेरीत गेला. साहेबांनी इंजिनीअरला बोलावलं, आणि त्या इंजिनीअरने चहा पिता पिता, विनोद म्हणून, तो प्रसंग सांगितला. मला शरणूने तो एकदाच सांगितला, आणि मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. इंजिनीअरने विचारलं होतं, "हा खड्डा कसला?" नरसव्वा म्हणाली, "बसायची जागा हाय, सायेब." "घरातच बसता?" "मग कुटं? घरातच बसतो की आमी. पहाटंपासनं." "सगळे?" "सगळे. सासरा, नवरा, मी. आळीपाळीनं." "पण अगदी दारात?" "उजेड नको का, सायेब?"

इंजिनीअर हसत होता. म्हणे, आम्हीही चकित झालो, पण लोकांची सवय आहे, आपण कोण बदलणारे? परसातला आडोसा आम्ही नुसती मोरी समजलो. शिवाय गटार रस्त्याच्या बाजूलाच होतं, लांब नळी टाकायचं काम वाचलं. शरणूने टेबलावर मूठ आपटली आणि सांगितलं की तो मागाचा खड्डा आहे. तेव्हा साहेब म्हणाले, "बिराजदार, तुम्हीच तर म्हणत होता, लोकांचं ऐका. आम्ही ऐकलं. आता तुम्ही म्हणता, लोक म्हणाले ते चूक." आणि काम इतकं पुढे गेल्यावर बदल करायचा तर पुन्हा मंजुरी, पुन्हा निविदा, हे काही व्हायचं नाही.

चूक कोणाचीही होते. एका शब्दाचे दोन अर्थ असतात, आणि विणकरांचं बोलणं कचेरीला ठाऊक असेलच असं नाही. माझ्या मनात जी घाण बसली ती वेगळीच आहे. अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून आलेल्या एका शिकलेल्या माणसाला क्षणभरही वाटलं नाही की आपलं ऐकण्यात चुकतंय. माणसं दारात, उजेडात, सासऱ्यासुनांसह आळीपाळीने संडासला बसतात, हे त्याला खरं वाटलं. लगेच खरं वाटलं. 'हे लोक' म्हटल्यावर काहीही खरं वाटतं. स्वतःच्या घरातल्या बाईने असं सांगितलं असतं तर त्याने चारदा विचारलं असतं. शरणू त्या दिवशी घरी आला, मोरीत गेला आणि ओकला. मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभी राहिले. चूळ भरून तो म्हणाला, "अत्तिगे, हे नरसव्वेला कधी कळता कामा नये. तिच्या तोंडून गेलं हे कळलं तर ती बाई मरेल." मी कबूल केलं. मग तो वस्तीत गेला आणि सगळ्यांना सांगितलं की चूक त्याची, त्यानेच साहेबांना नीट समजावलं नाही. लोक काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो ऐकत उभा राहिला.

उद्‌घाटन झालं. फीत कापली, नारळ फुटले, 'लोकसहभागातून उभी राहिलेली वसाहत' असा फलक लागला. नमुना काचेच्या पेटीत कचेरीच्या दालनात ठेवला, खाली शरणूचं नाव साहेबांच्या नावाच्या खाली. आणि माणसं राहायला गेली, कारण जुनी घरं पाडली होती. जातील कुठे? काहींनी भांडं फोडून काढून तिथे माग बसवता येतो का बघितलं, पण खाली गटाराची नळी, पाय कुठे सोडायचे? माग मोडून चुलीत गेले. पुरुष यंत्रमागाच्या कारखान्यांत रोजंदारीला लागले, बायका दिवसभर बिड्या वळायला लागल्या. संडास कोणीच वापरला नाही. चार माणसांसमोर, देवाच्या फोटोसमोर कोण बसणार? सगळे पूर्वीसारखे ओढ्याकडे जात राहिले. तरी उन्हाळ्यात त्या भोकांतून गटाराचा वास वर यायचा आणि पुढच्या खोलीत भरायचा. मी एकदा हजेरीत नसलेल्या मुलीच्या घरी चौकशीला गेले होते. त्यांनी कौतुकाने चहा केला. मी तो घशाखाली कसा उतरवला ते माझं मला माहीत. आणि मला किळस आली ती त्या माणसांची नव्हे, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते.

नरसव्वेने त्या भोकावर शहाबादी फरशी टाकली होती आणि वर चादर अंथरली होती. तिच्या लेकीला बघायला पाहुणे आले तेव्हा पुढच्या खोलीत दुसरी जागाच नव्हती, म्हणून मुलाच्या वडिलांना त्याच चादरीवर बसवलं. फरशी डुगडुगली. त्यांनी चादर उचलून बघितली. नंतर चहाला नको म्हणून ते उठले… आणि पुन्हा आले नाहीत. ही गोष्ट मला त्या मुलीनेच सांगितली, शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली तेव्हा. मी ती शरणूला सांगितली नाही. पण त्याला कळायचं राहिलं नसावं, कारण तो दर सणाला वस्तीत जायचा आणि परत आला की त्या दिवशी पाटावर बसायचा नाही, उभ्या उभ्या पाणी पिऊन खोलीत जायचा.

त्यानंतर त्याला एक सवय जडली. समोरचा माणूस कोणीही असो, कापडाचा व्यापारी की शाळेचा मुख्याध्यापक, त्याने कोणताही साधा शब्द वापरला की शरणू थांबवायचा. "म्हणजे काय करता?" झोपता म्हणजे काय करता, जेवता म्हणजे कसं जेवता, बसता म्हणजे काय करता. लोक वैतागायचे. एक बंगलेवाला तर म्हणाला, तुम्हाला मराठी येत नाही का? शरणू म्हणाला, "न्हाय येत." आणि खरंच सांगत होता. बंगल्यांची कामं अशी कमी कमी होत गेली. शाळेच्या खोल्या, पाणपोया, गावातले सार्वजनिक कट्टे असली कामं तो शोधत फिरायचा, आणि तिथेही बायामाणसांना मातीला बसवायचा. मी म्हणायचे, अरे, हात पोळले तरी पुन्हा चुलीतच घालतोस? तो म्हणायचा, "माती चुकली नव्हती, अत्तिगे." कचेरीने दोन वर्षांनी रंगरंगोटीचं काम काढलं तेव्हा काचेची पेटी व्हरांड्यात ठेवली, पाऊस आत गेला, माती वितळली. शरणू गेला आणि उरलेला कोपरा फळीसकट उचलून घरी घेऊन आला. मधल्या खोलीतल्या कपाटावर त्याने तो ठेवला. मी त्याला त्या मातीबद्दल एक अक्षर बोलले नाही.

शोकसभेनंतर काही दिवसांनी नरसव्वा आली. हातात काही नव्हतं, पायांत चप्पल नव्हती. मी तिला स्वयंपाकघराच्या दाराशी शरणूच्या पाटावर बसवलं, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. मग मीच शोकसभेतलं सांगायला लागले, साहेब काय म्हणाले ते, आणि मध्येच अडखळले, कारण पुढचं बोलायचं तर तिचं आणि इंजिनीअरचं ते बोलणं येणार होतं. ती म्हणाली, "बोला की बाई. मला ठावं हाय." मी तिच्याकडे बघितलं. "फीत कापली त्या दिवशीच सांगितलं त्या इंजिनेर सायबानं मला. लई हसत होता. म्हनला, मावशी, तुमचं ऐकलं बगा आमी." मी म्हटलं, मग शरणू येऊन माफी मागायचा तेव्हा तू गप्प का बसायचीस? नरसव्वा पदराने तोंड पुसत म्हणाली, "शरणप्पाला वाटायचं मला ठावं न्हाय. तेवढ्यासाठी त्यो सगळ्यांच्या शिव्या खायचा. मी कसं बोलू? त्याचं खाल्लेलं वाया गेलं असतं की." मग म्हणाली, "तुमी पेपरात लिवता म्हनं. हे लिवा. माजं नाव घालून लिवा."

आम्ही असं बोलत असतानाच सुधार कचेरीतला एक कारकून आला. साहेबांनी पाठवला होता. दालनात बिराजदारांच्या स्मृतीसाठी एक कपाट करायचं आहे, नमुन्याचा जो काही तुकडा शिल्लक असेल तो हवा. मी काही म्हणायच्या आत नरसव्वेने उठून मधल्या खोलीतल्या कपाटावरची फळी खाली घेतली आणि मांडीवर ठेवली. चार-पाच घरं उरली होती, भिंती अर्ध्या, पण पुढच्या खोल्यांतली भोकं शाबूत. त्यांत धूळ भरली होती. तिने बोट ओलं करून एकेका भोकातली धूळ काढायला सुरुवात केली, सकाळी बसायच्या आधी खड्डा झाडतात तशी. कारकून वाकून बघत होता. त्याने विचारलं, "मावशी, हे खड्डे कसले हो?"

नरसव्वा थांबली. ती त्याच्याकडे न बघता, लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "माग. हातमाग. कापड विणायचा. त्याचा खड्डा. त्यात पाय सोडायचे आन विणायचं." 'बसणं' हा तिच्या जन्माचा शब्द तिच्या तोंडात होता, पण तिने तो बाहेर काढला नाही. कारकून "असं होय" म्हणाला. मी त्याला सांगितलं, साहेबांना म्हणावं नमुना मिळणार नाही, कपाट रिकामं ठेवा. तो गेला.

नरसव्वेने फळी पुन्हा जागेवर ठेवली, हात झटकले. निघताना उंबऱ्यात वळली आणि हळूच विचारलं, "बाई, तुमच्यात माणसाला बसिवत्यात न्हवं?"

मी म्हटलं, "हो. बसवलं शरणूला."

"नीट बसिवलं?"

"नीट बसवलं."

ती थोडा वेळ रिकाम्या पाटाकडे बघत राहिली. "उजेड हाय का तितं?"

मी म्हटलं, आहे, झाड नाही आसपास, सकाळचं ऊन येतं. मान हलवून ती पायऱ्या उतरली.